टेबलात रुतलेली कोयती

कडू बदामाचा वास अजूनही मला गाठतो. एखाद्या लग्नघरी बदाम घातलेल्या दुधाचा पेला पुढे येतो, आजूबाजूची माणसं सुखावतात आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगांची रसायनं बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या फाटकाच्या दोनशे पावलं अलीकडेच हा वास अंगाला बिलगायचा. गोड, स्निग्ध आणि संपूर्ण खोटा. त्याच्या पोटात बेंझीन होतं, नायट्रिक आम्ल होतं, आणि गोविंद घाग नावाचा एक माणूस होता, ज्याला तो वास येत नसे.

घागांचं नाक एका वायुगळतीत कायमचं मेलं होतं. भुवयाही त्याच दिवशी गेल्या त्या परत उगवल्या नाहीत, त्यामुळे त्यांचा चेहरा सदैव कुणीतरी नुकतीच थप्पड मारल्यासारखा दिसे. डाव्या पंज्यात अंगठा आणि करंगळी एवढीच बोटं शिल्लक होती. मधली तीन एका फिरत्या यंत्राच्या पिंपात राहिली. त्या वेळी दत्ता भुवड नावाच्या सोबत्यानं पट्ट्यात लोखंडी पान्हा खुपसून यंत्र थांबवलं, म्हणून उरलेला हात आणि उरलेले घाग बाहेर आले. पुढे कंपनीनं त्यांना टेबलाचं काम दिलं, आणि काही वर्षांत ते कामगारांच्या निवृत्ती निधीचे सचिव झाले.

हा निधी सरकारी भविष्यनिर्वाह निधीहून वेगळा होता. कामगार पगारातून थोडी रक्कम देत, कंपनी तेवढीच भर घाली, आणि जमलेला पैसा कुठे गुंतवायचा हे विश्वस्त ठरवत. ठराव कुणीही करो, सचिवाच्या सहीवाचून एक रुपया हलत नसे. माझी नेमणूक सहसचिव म्हणून झाली होती. पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन मी नुकतीच रत्नागिरीला परतले होते. बरोबरीची मुलं मुंबईच्या वित्तसंस्थांत गेली होती. माझ्या शिक्षक वडिलांचं हृदय दुबळं झालं होतं, म्हणून मी घरचा रस्ता धरला. त्या काळी मी कविता करीत असे, आणि आकड्यांची रांगही मला वृत्तासारखीच वाटे. मात्रा बिनचूक जुळल्या की अर्थ आपोआप येऊन बसेल, अशी माझी समजूत होती.

पहिल्या दिवशी मी घागांच्या खोलीत गेले तेव्हा ते गवत कापायच्या कोयतीनं पेन्सिलीला टोक करत होते. उरलेल्या दोन बोटांत पेन्सिल चिमटीत धरलेली, आणि उजव्या हातातलं पातं अंगठ्याच्या नखापासून केसभर अंतरावरून सरकत होतं. लाकडाची साल टेबलावर पडत होती. बसावं म्हणून मी खुर्ची शोधली. टेबलाच्या पलीकडे त्यांची एक होती. अलीकडे नुसती फरशी होती आणि तिच्यावर चार पायांचे जुने डाग. खुर्ची होती आणि काढून टाकली होती, एवढं त्या डागांवरून कळत होतं.

माझं प्रमाणपत्र त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. मग म्हणाले, "बाय, वास?"

मला काहीच समजलं नाही. त्यांनी तोच शब्द पुन्हा उच्चारला. मी चाचरत बदामासारखा येतोय म्हणून सांगितलं. "मग ठीक हाय," ते म्हणाले. "बदाम सांगितलात तर काम करायचा. तिखट सांगितलात तर पळायचा." त्या दिवसापासून रोज सकाळी मी त्यांचं नाक झाले. त्यांच्या सगळ्या प्रश्नांपैकी तेवढ्याच एका प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

त्यांचा एक नियम होता. निधीच्या कागदाला हात लावण्याआधी नव्या माणसानं आठ दिवस यंत्रशाळेत उभं राहायचं. काही करायचं नाही, काही लिहायचं नाही, बसायचं तर नाहीच. माझ्याआधी दोन मुलगे तिसऱ्या दिवशी पळाले होते, असं शिपाई आनंदानं सांगत असे. मी उभी राहिले. लोखंडाची थरथर टाचांतून दातांपर्यंत चढायची. भोंगा झाला की वसाहतीच्या कडेला आंब्यांवर बसलेले कावळे एकदम उठत. तापलेल्या पत्र्यावरून हवा पाण्यासारखी वाहायची. सहाव्या दिवशी, माझ्यापासून वीस हातांवर, एका नळाच्या जोडातून आम्लाची धार सुटली आणि खाली वाकलेल्या कामगाराच्या पाठीवर पडली.

त्या किंकाळीला माणसाचा आवाज म्हणणं मला जड जातं. घाग कुठून आले ते मी पाहिलं नाही. त्यांनी त्या माणसाला बखोट धरून फरफटत पाण्याच्या फवाऱ्याखाली नेलं, त्याचा सदरा दोन्ही बाजूंनी फाडला, आणि सदऱ्याबरोबर पाठीची कातडीही ओल्या कागदासारखी निघून आली. तो हात झाडत होता, घागांना लाथा मारत होता. घागांनी त्याला कमरेनं भिंतीशी दाबून धरलं आणि पाणी वाहू दिलं. तोवर दोघांच्या पायांशी फरशीवर गुलाबी ओघळ गटाराकडे चालले होते.

तो माणूस वाचला. संध्याकाळी घागांनी त्या सदऱ्याची एक चिंधी कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवली. कडा करपून पिवळ्या झाल्या होत्या. "हा पहिला कागद," ते म्हणाले. "आता दुसरे वाचा." आणि निधीच्या कपाटाची किल्ली मला मिळाली. खुर्ची मात्र मिळाली नाही. पुढचं दीड वर्ष त्यांच्या टेबलाशी मी उभ्यानंच काम केलं. स्वतःच्या टेबलाशी मी हवी तितकी बसू शकत होते. त्यांच्यासमोर नाही.

शिकवण्याची त्यांची रीत अंगावर येणारी होती. व्याजाचं गणित चुकलं की ते कागदावर ठेवायचं काचेचं वजन भिंतीवर फेकत. भिंतीवर त्या जागी चंद्रकोरीसारखा खड्डा पडला होता. एखाद्या कंपनीनं गेल्या वर्षीपेक्षा जास्त व्याज देऊ केलं तर आनंदायचं नाही, तिला एवढी निकड का पडली ते विचारायचं, हे त्यांनी मला एका दुपारी दारावर लाथ मारून शिकवलं. जेवण मात्र सावकाश करीत. पेज आणि भाजलेला सुका बांगडा. नाक मेलेलं असल्यानं चवही उरली नव्हती, तरी शेवटच्या काट्यापर्यंत ते बोटांनी चाचपत खात. आपलं शरीर अजून कुठे कुठे शिल्लक आहे, याची जणू झडती घेत.

मुंबईहून एकदा एक दलाल आला. गुळगुळीत बोलणारा, अत्तर लावलेला. एका कंपनीच्या ठेवीत निधीचे पैसे टाकले तर सचिवांची आठवण ठेवू, असं म्हणत त्यानं मखमली डबीतून सोनेरी घड्याळ काढलं आणि घागांच्या मनगटावर स्वतः बांधलं. घागांनी हात वळवून घड्याळ नीट पाहिलं. दलालाला किती वाजले ते विचारलं. त्यानं हसत सव्वा अकरा सांगितले. घागांनी शिपायाला प्रयोगशाळेतून नायट्रिक आम्लाचं चंचुपात्र आणायला पाठवलं, घड्याळ काढून त्यात सोडलं आणि पात्र खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं. तपकिरी धूर उसळला. दलाल निघू लागताच त्यांनी त्याची मान मागून पकडली, त्याला खिडकीशी उभं केलं, आणि तासभर तसंच धरून ठेवलं. त्याच्या कपाळावरून अत्तर आणि घाम एकत्र ओघळत होते. तासाभरानं पात्रातलं पाणी हिरवंगार झालं होतं. मुलाम्याचे सोनेरी पापुद्रे वर तरंगत होते, तळाशी काच आणि दोन-चार काळे तुकडे.

"आता किती वाजले?" घागांनी विचारलं.

शिपाई आणि मी हसून बेजार झालो होतो. घाग हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल उचलली आणि कोयतीनं तिला टोक करायला घेतलं.

या माणसाविरुद्ध मी उभी राहीन असं कुणी मला सांगितलं असतं, तर मी ते थट्टेवारी नेलं असतं. पण तसं घडलं, आणि माझ्या हस्ताक्षरात घडलं.

कारखान्याच्या शेठनी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत दुसरा, मोठा कारखाना काढायचं ठरवलं होतं. त्यासाठी निधीची सगळी रक्कम कंपनीतच ठेव म्हणून द्यावी, बँकेच्या दीडपट व्याज मिळेल, आणि प्रत्येक कामगाराच्या घरातल्या एका मुलाला लोट्याला नोकरी मिळेल, असा त्यांचा प्रस्ताव होता. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यापासून आतल्या गावांत तरणे मुलगे परतून रिकामे बसले होते. दत्ता भुवड आता निधीवरचा कामगारांचा विश्वस्त होता. त्याचेही दोन मुलगे घरी होते. एक दारू प्यायला लागला होता, दुसरा कुणाशी बोलत नव्हता. भुवडानं मला हे सांगितलं तेव्हा तो आपल्या तळव्यांकडे पाहत होता.

शेठनी मला ताळेबंद दिला आणि टिपणी लिहायला सांगितली. आठ दिवस मी तिच्यावर राबले. परतावा, मुदत, तुलना, सगळ्या मात्रा जुळल्या. शेवटच्या रकान्यात जोखमीपुढे मी एक शब्द लिहिला: नगण्य. त्याचा नाद मला आवडला होता, हेही कबूल करते. शिकवल्याप्रमाणे कार्बन घालून तीन प्रती काढल्या. एक घागांना, एक शेठना, एक भुवडाला.

घागांनी ती उभ्यानं वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी कोयती उचलली आणि कागदावर घातली. पातं कागदातून टेबलाच्या फळीत दोन बोटं रुतलं आणि मूठ थरथरत राहिली.

ताळेबंद कुणी दिला, एवढंच त्यांनी विचारलं. शेठनी, मी म्हणाले. ज्याला पैसे हवे आहेत त्यानंच, ते म्हणाले, आणि तोंड फिरवून खिडकीशी गेले. माझ्या आठ दिवसांच्या कामाकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. रुतलेल्या कोयतीसमोर मी बराच वेळ उभी होते. माझ्यात लाज उगवली नाही. संताप उगवला.

म्हणून दोन दिवसांनी भुवडानं मला गावच्या देवीपुढे टिपणी वाचायला बोलावलं तेव्हा मी गेले. कौल लावायचं ठरलं होतं. आमच्याकडे लग्नाचा, विहिरीचा, घरभरणीचा निर्णय अडला की लोक देवीला विचारतात. निधीचा निर्णय देवीवर टाकण्याची ही पहिलीच खेप असावी. रविवारची सकाळ होती. देवळात तेल, ओला जांभा आणि झेंडूचा दर्प कोंदला होता. शंभरावर कामगार बायकामुलांसह दाटले होते. घाग मानकऱ्यांच्या जागी, खांबापाशी उभे होते. त्यांच्या घराण्याला पालखीच्या पहिल्या खांद्याचा मान होता. मी टिपणी वाचली. कविता वाचावी तशी वाचली, थांबत, आवाज चढवत. 'नगण्य' म्हणाले तेव्हा एका म्हातारीनं हात जोडले.

गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. पैसे द्यायचे असतील तर उजवी दे, नको असतील तर डावी दे, असं गाऱ्हाणं घातलं. मग उजवी कळी निसटली, देवीच्या पायाशी पडली, आणि देऊळ घंटांनी फुटल्यासारखं झालं. घाग खांबापासून निघाले, गर्दीतून वाट काढत बाहेर गेले. प्रसादासाठी त्यांनी हात पुढे केला नाही. ते साऱ्यांनी पाहिलं.

सोमवारी दुपारी तीनच्या भोंग्याला दोन्ही पाळ्यांचे लोक फाटकाशी जमले. घाग बाहेर आले आणि सही करणार नाही म्हणून त्यांनी सांगितलं. मी वरच्या मजल्यावर, खिडकीशी होते. एक-एक शब्द ऐकू येत होता.

"देवीन् कौल दिलान हाय, घागा," भुवड म्हणाला. "तू कोण मोडणारा?"

"कौल खरा हाय. तुमी चुकीचा विचारलाव. पैशे द्यायचे काय, ह्या विचारलाव. परत येतील काय, ह्या कुणी विचारलान?"

मला वाटलं, ते शब्द पोचले. मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, तुला पोरगा नाय म्हणून तुझा काय जातंय. घागांना एकच मुलगी होती. त्या वाक्यासरशी भुवडानं पान्हा उचलला.

पहिला घाव जबड्यावर बसला. आवाज सुक्या नारळासारखा आला. घाग कोसळले नाहीत. दुसरा खांद्यावर बसला, मग बाकीचे धावले, आणि पुढे मला नुसत्या पाठी दिसल्या, वर-खाली होणारे हात दिसले, आणि धुळीत एक चप्पल. कुणीतरी उजवा हात, सहीचा हात, असं ओरडत होतं. पायांच्या मधून तो हात मला क्षणभर दिसला. त्याच्यावर टाच पडली, पुन्हा पडली. भुवड त्यांचा डावा, दोन बोटांचा पंजा घट्ट धरून होता. एके काळी यंत्रातून त्यानंच वाचवलेला.

मी खाली धावले नाही. माझ्या पायांना उभं राहायला शिकवलं होतं, आणि ते उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. सचिव आजारी असेल तर सहसचिवाची सही चालते, असं निधीच्या नियमांत होतं. पत्र टंकून तयार होतं. मऊ गादीची खुर्ची त्यांनी स्वतः पुढे ओढली आणि हातानं निर्देश केला. पत्रासोबत माझी टिपणी जोडली होती. तिच्यातला तो शब्द मला दुरूनही वाचता आला. माझ्या पर्समध्ये, कागदात गुंडाळलेली, सदऱ्याची ती चिंधी होती. मला एकाएकी तिचा वास आला, करपलेला, तिखट. तो खरंच येत होता की नाही हे मी सांगू शकणार नाही.

मी सही करणार नाही, टिपणी मागे घेते, असं म्हणाले. शेठ रागावले नाहीत. आधी बसून घ्या म्हणाले, चहा येतोय.

"नको," मी म्हणाले. "मी उभीच बरी."

संध्याकाळी कंपनीच्या बसवर दगड आले. माझ्याच खिडकीवर. काच केसांत, मानेत, ओच्यात सांडली, आणि एक तुकडा भुवईत शिरला. तिथे आजही केस उगवत नाहीत. बसमधले लोक समोर पाहत राहिले. घरी वडिलांनी दिव्याखाली बसवून माझ्या केसांतून एकेक काच वेचली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते घागांचं नाही. सहीवाचून निधी होता तिथेच राहिला. लोट्याला शेठच्या कारखान्याचा चौथरा उभा राहिला, चार भिंती आल्या, आणि इतरांकडून घेतलेल्या ठेवींसकट शेठ एका पावसाळ्यात नाहीसे झाले. मिरजोळ्याचा कारखानाही बंद पडला. त्या दिवशी प्रत्येक कामगाराला निधीतले त्याचे पैसे मिळाले. भुवडाला ते मीच दिले. तो ते घेऊन दाराशी घुटमळला, घाग आता कुठे असतात म्हणून विचारलं. पोफळीला, वीजकेंद्राच्या वसाहतीत, मुलीकडे, मी सांगितलं. तो पोफळीला गेला नाही. मारहाण झाली त्या वर्षी शिमग्याला घरोघरी फिरणारी देवीची पालखी घागांच्या अंगणात आली नव्हती, नंतरही आली नाही, आणि ते गावात राहिले नाहीत. पोफळीहून त्यांचं पत्र येणं शक्य नव्हतं. उजवा हात पुन्हा पेन धरण्याजोगा झाला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दगडफेकीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, सरकारी रुग्णालयात. खिडकीतून समुद्रावरचं खारं वारं येत होतं आणि फिनेलच्या वासाशी झगडत होतं. त्यांचा जबडा तारांनी बांधला होता. चेहरा जांभळा, सुजलेला. डोळे तेवढे ओळखीचे. उजवा हात प्लास्टरमध्ये छातीवर ठेवलेला. मी खाटेशी जाऊन उभी राहिले, सवयीनं, दोन हातांच्या अंतरावर. सही केली नाही एवढंच सांगितलं. देवळातल्या वाचनाचं सांगायचं राहून गेलं.

ते माझ्या भुवईवरच्या पट्टीकडे पाहत होते. बराच वेळ. खाटेशेजारी एक लोखंडी स्टूल होतं आणि त्याच्यावर त्यांच्या बायकोनं आणलेला पेजेचा डबा. त्यांनी डावा पंजा उचलला. अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीत डब्याची कडी धरली, तो हळूहळू उचलून खाटेवर, आपल्या कुशीशी ठेवला. कपाळावर घाम आला. मग तारांच्या आडून, दात न हलवता, ते म्हणाले,

"बसा."